पावलं कुणाच्या नावावर

मी मोज्या बोलतोय. हळू बोलतोय, कारण मोठ्यानं बोलावं असं तोंड मला राहिलेलं नाही.

मोज्या म्हटल्यावर तुम्हाला पायातला मोजा आठवला असेल. तो मी नव्हे. मी पावलं मोजणारं यंत्र. काडेपेटीएवढं अंग, पाठीला चिमटा, पुढे इवलीशी खिडकी आणि खिडकीत आकडे. मला कमरेला अडकवायचं आणि चालायला लागायचं. पाऊल पडलं की माझ्या पोटातलं छोटं वजन खाली-वर होतं आणि आकडा एकानं वाढतो. जन्मभर एवढं एकच काम करायचं होतं, आणि त्यातच मी माती खाल्ली.

खरं सांगायचं तर खोट जन्मापासूनचीच. कारखान्यात आम्हाला तपासायला एक हलतं फळकूट होतं. आम्हाला त्यावर ओळीनं मांडायचे, फळकूट शंभर वेळा हलायचं, आणि ज्याच्या खिडकीत शंभर दिसले तो पास. मी पहिल्या फटक्यात पास झालो. केवढा फुशारलो होतो! त्या खोलीत त्या दिवशी कुणी एक पाऊलसुद्धा चाललं नव्हतं, हे मला अजिबात खटकलं नाही. हललं म्हणजे चाललं, असं मी धरूनच बसलो.

मग खोका, मग औषधाच्या दुकानातली काच, आणि एका भर पावसाच्या सकाळी ठमीनं मला घरी नेलं.

ठमी म्हणजे तिचं लाडाचं नाव. वय चाळिशीच्या पुढे, पण वडील अजून त्याच नावानं हाक मारतात. ती शाळेचे गणवेश शिवते. नवरा बोटीवर नोकरीला, वर्षातून दोनदा घरी. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पुढे सगळ्या बिऱ्हाडांची मिळून एक लांब गॅलरी. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पायमशीन आणि मशीनला लागून एक खाट. त्या खाटेवर तिचे वडील, आबा.

आबा इथले नव्हेत. त्यांचं घर दूर, टेकाडावर. रस्त्यापासून दारापर्यंत बेचाळीस पायऱ्या. घरात ते एकटेच राहायचे आणि त्यांना ते आवडायचं. पावसाच्या तोंडावर त्याच पायऱ्यांवर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत पट्टी बसवली, आणि लेक त्यांना इकडे घेऊन आली. खुर्चीत बसवून दोघा हमालांनी त्यांना तीन मजले वर चढवलं, तेव्हा म्हणे त्यांनी सगळा वेळ डोळे मिटून घेतले होते.

"पावसाळा माझ्याकडे काढा," ठमी म्हणाली होती. "पाय तयार झाला की तुमचं घर तुम्हाला."

म्हणजे सगळं त्या पायावर होतं. पावसाळ्याच्या शेवटी व्यायामवाल्या बाई पाय बघणार होत्या. त्यांनी 'एकटे राहू शकतात' असं लिहून दिलं तर आबा घरी जाणार, नाहीतर नाही.

आता हे आबा कोण, तर जमीन मोजणारा माणूस. छत्तीस वर्षं साखळी, झेंडे आणि खुणेचे दगड. ते एक गोष्ट नेहमी सांगायचे. दोन भावांच्या शेताची मोजणी अगदी चोख झाली होती, पण कारकुनानं कागदावर नावं उलटी लिहिली. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आबांनी कागद परत मागवला आणि त्यावर लाल शाईनं लिहिलं, 'मोजणी बरोबर. नाव चुकलं. दुरुस्ती.' खाली सही.

"जमीन बोटभरसुद्धा इकडची तिकडे झाली नव्हती, ठमे. पण नाव चुकलं की सगळं चुकलं."

अशा माणसाच्या कमरेला मी लागलो. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, जन्माचं सार्थक झालं.

माझं बारसं केलं शेजारच्या मावशींनी. मावशी गॅलरीच्या पलीकडच्या टोकाला राहतात, दिवसभर दारात स्टूल टाकून बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची फिरकी घेतात. माझ्या खोक्यावर 'रोज मोजा, निरोगी राहा' असं छापलं होतं. त्यांनी ते चष्मा वर करून वाचलं.

"मोजा? आणि तो कमरेला? आमच्या वेळी पायात घालत."

ठमी इतकी हसली की माझं नाव मोज्याच पडलं.

पहिल्या दिवशी आबा वॉकर घेऊन गॅलरीत निघाले. वॉकर म्हणजे ते चार पायांचं ॲल्युमिनियमचं. उचलायचं, पुढे ठेवायचं, मग आपण एक पाऊल टाकायचं. खट्, आणि पाऊल. खट्, आणि पाऊल. दोन्ही बाजूंची दारं उघडी होती. माणसं बघत होती, आणि मावशींच्या जिभेला काही राहवेना.

"वा वा! घोडा आहे, मैदान आहे, आता उशीर कशाला? पळा!"

सगळी गॅलरी हसली. वाईट कुणीच हसलं नाही हो, मी सांगतो. पण आबांचे कान लाल झाले. ज्या माणसानं मैलच्या मैल जमीन पायाखाली घातली, त्याला चौदाव्या पावलाला लोक हसले. ते वळले, चौदा पावलं परत आले आणि खाटेवर बसले. माझ्या खिडकीत अठ्ठावीस.

त्यानंतर ते गॅलरीत गेलेच नाहीत. "खाली ओल आहे," म्हणाले. ओल होतीच. त्या पावसाळ्यात कारण शोधायला लांब जावं लागत नव्हतं.

ठमीनं एक वही केली होती. एका रकान्यात तारीख, दुसऱ्यात 'पाऊल'. आबांना नुसतं बसवेना, म्हणून त्यांनी खिडकीच्या कठड्यावर एक सरळ कडांचा डबा ठेवला आणि तिसरा रकाना आखला, 'पाऊस'. रोज सकाळी पट्टी बुडवून मिलिमीटर मोजायचे. व्यायामवाल्या बाई पहिल्या आठवड्यात तीनदा आल्या, व्यायाम शिकवून गेल्या, आणि मग मधला रस्ता पाण्याखाली गेला. तेव्हापासून दर सोमवारी फोनवर विचारपूस. ठमी वही वाचून दाखवायची.

"बासष्ट."

"बासष्ट पावलं? बरं, सुरुवात तरी झाली."

"नाही हो बाई, तो पाऊस. पावलं एकोणीस."

मग बाई म्हणाल्या, "काका, निदान पावसाच्या तरी पुढे जा की!"

ठमी हसली. आबाही हसले, पण भिंतीकडे तोंड करून. त्यांचं पोट हसण्यानं हललं नाही, हे मला कळलं. मी त्यांच्या कमरेलाच होतो ना.

पुढची गोष्ट आपोआप घडली. निदान पहिल्या वेळी तरी. दुपारी पडताना आबांनी मला काढून मशीनच्या कडेला अडकवलं आणि ठमी शिवायला बसली. मशीन हादरत होतं आणि माझ्या पोटातलं वजन टिकटिक करत होतं. आबा उठले, मला हातात घेतलं, आणि बघतात तर तीनशे सोळा. सकाळी बावीस होते.

ते मनापासून हसले. "अगं ठमे, हा बघ लबाड," असं सांगायला तोंड उघडलं होतं त्यांनी. नक्की उघडलं होतं. तेवढ्यात शिवण ठेवून ओट्यापाशी गेलेली ठमी परत आली आणि तिला माझी खिडकी दिसली.

"तीनशे सोळा! आबा! मी कापड आणायला खाली दुकानात गेले होते तेव्हा फेऱ्या मारल्यात ना? आणि मला वाटलं झोपलात!"

तिचा चेहरा असा उजळला की आबांचं उघडलेलं तोंड तसंच मिटलं. वहीत तीनशे सोळा पडले. पहिल्यांदाच पावलं पावसाच्या पुढे गेली.

तो दिवस तिथेच संपला असता तर मी आज तुमच्यापुढे मान खाली घालून बसलो नसतो. पण दुसऱ्या दिवशी ठमी आंघोळीला गेली आणि आबांनी मला नीट न्याहाळलं. मोजणीदाराचंच डोकं ते. मशीनच्या पायडलपासून चाकापर्यंत एक उभी दांडी जाते. पायडल दाबलं की ती खाली-वर होते. त्या दांडीला त्यांनी माझा चिमटा लावला. खाटेवरून हात पोचत होता, आणि पुढे गणवेशाचं कापड लोंबत होतं, त्यामुळे ठमीला दिसायची भीती नव्हती.

मग ती शिवायला बसली. तिचे पाय चालू लागले आणि मी आबांची पावलं मोजू लागलो.

तुम्ही म्हणाल, तू यंत्र, तुला काय कळतंय? कळत होतं! आबांचं पाऊल मला ठाऊक होतं. एक जड, एक फरफटत, मध्ये श्वास. दांडीचे हेलकावे एकसारखे होते, शिवणीसारखे. मला फरक पहिल्याच मिनिटाला कळला आणि तरी मी आकडा पुढे ढकलत राहिलो. ठमी राबतेय आणि आम्ही दोघं आयत्या बिळावर नागोबा.

आबा हिशेबी. एकदम उडी नाही. आज चारशे, उद्या साडेचारशे, मग सहाशे. आपण दुकानात गेलो की आबा चालतात, असं ठमी धरून होती. ठरलेला आकडा आला की हळूच हात घालून मला काढून घ्यायचे. चौथ्या आठवड्यात बाराशे झाले. बाईंनी फोनवर "शाबास काका!" म्हटलं. ठमीनं त्या दिवशी गोड केलं, नवऱ्याला फोन करून सांगितलं, आणि मावशींना तर गॅलरीभर ऐकू जाईल असं सांगितलं, "बाराशे! तुमच्या घोड्यानं बाराशे मारली!"

आबांना तो गोड घास गिळेना. एकदा मला हातात धरून पुटपुटले, "उद्यापासून बंद. कानाला खडा." पण उद्या ठमी विचारणार, आज किती? आणि बाराशेवरून एकोणीसवर यायचं तरी कसं? तोंडातून गेलेला शब्द आणि वहीत गेलेला आकडा, दोन्ही परत घेणं कठीण.

एकदा तर फजिती झाली. मी दांडीला असताना आबांचा डोळा लागला. ठमीच्या गणवेशांची गर्दी, ती उठलीच नाही. आबा दचकून जागे झाले तेव्हा माझ्या खिडकीत अकरा हजार दोनशे चार! मोडक्या खुब्याचा माणूस एवढं चालला, हे कुणाला पटणार? त्यांनी घाबरून बटण दाबलं आणि मी शून्यावर आलो. आता ठमी विचारायच्या आत त्या दिवसाचे ठरलेले सतराशे कुठून आणायचे? त्यांनी मला पांघरुणात धरलं आणि गदागदा हलवायला लागले.

ठमी धावत आली. "आबा, हुडहुडी भरली? अगं बाई, हात केवढा थरथरतोय!" तिनं त्यांच्या अंगावर दुसरं पांघरूण टाकलं, कपाळाला हात लावला, गरम पाणी आणलं. शिवणाचे दोन तास तिनं त्यांच्या उशाशी घालवले, आणि त्या दिवशी वहीत आकडा लिहायचाच राहिला. मी पांघरुणाच्या आत, घामेजलेल्या मुठीत होतो. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसं म्हणतात ना, ते मला तिथे कळलं. शंभर हेलकाव्यांच्या त्या फळकुटावर पास झाल्याचा मला कोण अभिमान होता!

आणि खरा पाय? तो दिवसेंदिवस वाळत होता. मांडीवर पायजमा ढगळ झाला होता. मोरीपर्यंत जाऊन येताना आबा भिंत धरायचे. ठमी म्हणायची, "दिवसभर एवढं चालता, मग दमणारच."

पुढच्या सोमवारी ठमीनं आकडा वाचला, दोन हजार चारशे. बाई खूश झाल्या.

"आता वॉकर सोडायचा! काठी घ्या. आणि रोज एक जिना. ताई, तुम्ही बाजूला उभ्या राहा. असंच चाललं तर पावसाळा संपताच मी पत्र देते, काका घरी."

आबांनी "नको, ओल आहे" म्हणून बघितलं. पण मंगळवारी सकाळपासून उघडीप होती. ठमीनं गच्चीचा जिना स्वतः कोरडा पुसला. अठरा पायऱ्या. तिनं आबांच्या हातात नवी काठी दिली आणि मला स्वतःच्या हातानं त्यांच्या कमरेला लावलं. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आज मी तोंड उघडणार नाही, चला."

पहिली पायरी, दुसरी, तिसरी. माझ्या पोटात ते जुनं पाऊल पडत होतं, एक जड, एक फरफटत. चौथ्या पायरीवर पाय लटपटायला लागला. मला ओरडता येत असतं तर मी ओरडलो असतो. पाचवीवर आबांचा गुडघाच वाकला.

ठमीनं त्यांना पडू दिलं नाही. ती खाली आली आणि आबा तिच्यावर. त्यांना खरचटलंही नाही. पण तिचा उजवा हात तिच्या अंगाखाली सापडला आणि मनगट काडकन वाजलं.

हाड मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि सांगितलं, तीन आठवडे या हातानं काही करायचं नाही. गणवेश शाळेत पोचवायला चार आठवडे उरले होते आणि निम्मे गणवेश कापून नुसते पडले होते.

घरी आल्यावर ठमी खाटेच्या कडेला बसली. रडत नव्हती. उलट आबांचीच समजूत घालत होती.

"माझंच चुकलं. मीच घाई केली. बाईंनी सांगितलं म्हणून लगेच जिना? तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं."

मी आबांच्या कमरेला होतो. ते 'माझंच चुकलं' त्यांनी ऐकलं. त्यांनी मला काढलं. बटण दाबून शून्यावर आणलं. मग खाटेवरून वाकून, तिच्या डोळ्यांदेखत, मला मशीनच्या दांडीला लावलं आणि हातानं चाक फिरवलं. एक फेरा, माझ्या खिडकीत एक. दुसरा फेरा, दोन. पाच होईपर्यंत फिरवलं आणि थांबले.

ठमी बघत राहिली. बराच वेळ तिला काही कळलं नाही. मग कळलं.

"म्हणजे ते बाराशे?"

"तुझे."

"चोवीसशे?"

"तुझेच. माझी पावलं दिवसाला तीस-चाळीस, ठमे. मोरीपर्यंतची."

ती उठली. तिचा आवाज इतका खाली आला की पावसात ऐकू येईना. "मी सगळ्यांना सांगत सुटले, आबा. यांना सांगितलं. दुकानात सांगितलं. संध्याकाळी माझ्या पोटऱ्यांचे गोळे व्हायचे आणि मी स्वतःला म्हणायची, माझे आबा मोडक्या पायानं एवढं चालतात, मला बसून काम करायला काय धाड भरलीय!"

आबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मला लाज वाटली गं," म्हणाले. "लोकांसमोर वॉकर घेऊन चालायची लाज वाटली. आणि ती झाकायला हे केलं, याची तर बोलायची सोय नाही."

"आणि माझी? माझी नाही वाटली लाज?"

दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. चहा आणून ठेवायची, डाव्या हातानं, आणि आत जायची. मशीन बंद होतं. मी दांडीला तसाच लटकत होतो, खिडकीत पाच. ते पाच मला कुणी पुसले असते तर मी त्याचे पाय धरले असते, पण मला कुणी हातसुद्धा लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मावशी आल्या. त्यांना ठमीनंच सगळं सांगितलं असणार. त्या दारातच उभ्या राहिल्या.

"घोडा म्हटलं म्हणून? अहो, मला वाटलं तुम्ही हसाल! माझ्या मेलीच्या जिभेला हाड नाही. पण तुम्ही एवढे मोठे माणूस, मला एक शिवी हासडायचीत आणि चालायला लागायचंत ना!"

आबांना हसू आलं, त्या तीन दिवसांत पहिल्यांदाच. मग त्यांनी वॉकर ओढला, मला दांडीवरून काढून कमरेला लावलं, पाच पुसून टाकले आणि दाराकडे निघाले. गॅलरी भरलेली होती. खट्, आणि पाऊल. खट्, आणि पाऊल. कुणी हसलं नाही, आणि ते त्यांना हसण्यापेक्षा जड गेलं असावं. मावशींच्या दारापर्यंत सतरा, परत सतरा. चौतीस. त्यांनी वहीत आपल्या हातानं चौतीस लिहिले. त्या दिवशी पाऊस एक्केचाळीस होता.

ठमीनं वही बघितली. चहा दिला आणि आत न जाता तिथेच बसली.

गणवेशांचं काय करायचं ते आबांनीच काढलं. ते मशीनपुढे खुर्चीवर बसले आणि दोन्ही पाय पायडलवर ठेवले. "मी पाय देतो, तू कापड धर. सरळ शिवणी तरी होतील." ठमी बाजूला उभी राहून डाव्या हातानं कापड सरकवायला लागली. पहिल्या दिवशी दोरा अकरा वेळा तुटला.

"आबा, हळू! शेत मोजायला निघालात का?"

"तूच कापड अडवतेस. सोड की जरा!"

भांडता भांडता एक विजार झाली, मग दुसरी. मावशींनी काजं आणि बटणं घेतली. बाईंना फोनवर विचारलं तर म्हणाल्या, पायाला हा व्यायाम उत्तमच, पण चालणं सोडू नका. ठमीनं आपणहून मला दांडीला लावलं आणि संध्याकाळी म्हणाली, "आज नऊशे. आता तर तुमचीच आहेत, लिहू का?"

"नको," आबा म्हणाले. "बसून मारलेलं पायडल म्हणजे पाऊल नव्हे. वेगळा रकाना आख."

म्हणून आमच्या वहीत चार रकाने आहेत. तारीख, पाऊल, पाऊस, पायडल. गणवेश दोन दिवस उशिरा गेले, पण गेले.

पाऊस कमी झाला तसं रस्त्यावरचं पाणी ओसरलं आणि एक दिवस बाई स्वतः आल्या. आदल्या संध्याकाळी ठमी म्हणाली होती, "जिन्यावर तोल गेला एवढंच बाईंना ठाऊक आहे. पुढचं सांगायची काही गरज नाही. त्यांनी पत्र दिलं तर द्या म्हणावं. मी येऊन-जाऊन राहीन तुमच्याकडे." ती मनापासून म्हणत होती. आबा घरासाठी किती झुरतात ते तिच्याइतकं कुणाला माहीत?

बाईंनी वही मागितली. आबांनी आधी लाल पेन मागितलं. मग ती पानं काढली, तीनशे सोळापासून चोवीसशेपर्यंतची, आणि बाईंच्या समोर प्रत्येक पानावर लिहिलं, 'मोजणी बरोबर. नाव चुकलं. दुरुस्ती.' आणि पुढे ठमीचं पूर्ण नाव. मी त्यापूर्वी ते नाव कधी ऐकलंही नव्हतं. प्रत्येक ओळीखाली सही. हात थरथरत होता, या वेळी खराच.

बाईंनी पानं उलटली. मांडी चाचपली, चालवून बघितलं, जिना चढायला लावला. अकरा पायऱ्या झाल्या.

"काका, या जुन्या आकड्यांवर मी तुम्हाला घरी पाठवलं असतं आणि तुम्ही त्या बेचाळीस पायऱ्यांवर पुन्हा पडला असता. आता नाही देता येत पत्र. पाच-सहा आठवडे वाया गेलेत. आणखी तीन-चार महिने तरी."

"देऊ नका," आबा म्हणाले. आणि मग खिडकीकडे बघत बसले. बाई गेल्यावरही बघत बसले. ठमी त्यांच्याशेजारी जाऊन बसली.

आता ऊन असतं. डबा कठड्यावर कोरडा पडलाय, पावसाच्या रकान्यात शून्य. आबा सकाळ-संध्याकाळ गॅलरीत चालतात. मावशी पुन्हा "घोडा आला" म्हणायला लागल्यात आणि आबा त्यांना रोज एक शिवी हासडतात. ठमीचं मनगट बरं आहे, फक्त ढगाळ दिवशी ठणकतं. ती मनगट दाबायला लागली की आबा दुसरीकडे बघतात, आणि जमलं असतं तर मीही बघितलं असतं.

तुमच्याही घरात माझा एखादा भाऊ असेल, कमरेला, मनगटाला, नाहीतर फोनमध्ये. त्यानं मोठा आकडा दाखवला की शाबासकी द्या, माझी ना नाही. पण एकदा वाकून बघा, पाय कुणाचे चाललेत. आम्हाला विचारू नका. आम्हाला ठाऊक असतं आणि तरी आम्ही आकडा पुढे ढकलतो.

आज संध्याकाळी माझ्या खिडकीत बाराशे पाच आलेत. वॉकर नाही, काठी. आबा दाराशी थांबले, मला काढलं, आकडा बघितला आणि वही उघडली.

"दोन कमी लिही, ठमे."

"का?"

"मधे दोनदा शिंकलो होतो."

बरोबर आहे. शिंक आली तरी माझं वजन हलतं आणि हललं की आकडा वाढतो. मला नुसतं वाढवता येतं. वजा करायला माणूस लागतो.

ठमीनं वहीत लिहिलं, बाराशे तीन.